मागून धडकला म्हणजे त्याचीच चूक? अपघाताच्या दाव्यात दोष कुणाचा, हे नेमकं कसं ठरतं?

अपघाताचा व्हिडिओ व्हायरल झाला की कमेंट्समध्ये निकाल दोन मिनिटांत लागतो. 'मागून धडकला म्हणजे त्याचीच चूक.' 'मोठ्या गाडीवाल्यानेच भरून द्यायचं.' 'लायसन नव्हतं ना? मग विषयच संपला.'

पण ज्या घरातलं माणूस गेलंय किंवा कायमचं जायबंदी झालंय, त्या घराचा निकाल कमेंट्समध्ये लागत नाही. तो लागतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. आणि तिथे वरची तिन्ही वाक्यं जशीच्या तशी टिकत नाहीत.

मग तिथे दोष कसा ठरतो? भरपाईतून टक्के कधी कापले जातात? आणि पैसे शेवटी कोण देतं? एका खऱ्या प्रकरणापासून सुरुवात करूया.

एक अपघात, तीन निकाल

७ जानेवारी २०१७. तमिळनाडूतलं कोइम्बतूर. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी बाइकवरून चालला होता, मागे मित्र बसलेला. पुढे चाललेली कार हायवेवर अचानक थांबली. बाइक कारला मागून धडकली, विद्यार्थी रस्त्यावर पडला आणि मागून येणारी बस त्याच्या अंगावरून गेली. त्याचा पाय कापावा लागला.

कारचालकाचं म्हणणं होतं की गरोदर पत्नीला मळमळायला लागलं, म्हणून ब्रेक मारला. विद्यार्थ्याकडे वैध लायसन नव्हतं, आणि पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतरही त्याने ठेवलं नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची?

न्यायाधिकरणाने कारचालकाला पूर्ण मोकळं सोडलं. ८० टक्के दोष बसचा आणि २० टक्के विद्यार्थ्याचा, असं ठरलं. हायकोर्टाने गणित बदललं: कार ४० टक्के, बस ३० टक्के, विद्यार्थी ३० टक्के. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा बदललं: कार ५० टक्के, बस ३० टक्के, विद्यार्थी २० टक्के. हायवेवर मागच्यांना कसलाही इशारा न देता गाडी अचानक थांबवणं हा निष्काळजीपणाच आहे, कारण कितीही खरं असलं तरी, असं कोर्टाने सांगितलं.

सुप्रीम कोर्टाने भरपाईची एकूण रक्कम सुमारे १ कोटी १४ लाख रुपये धरली. त्यातून विद्यार्थ्याच्या वाट्याचे २० टक्के वजा झाले आणि त्याच्या हाती सुमारे ९१ लाख आले. हायकोर्टाचे ३० टक्के कायम राहिले असते, तर याच रकमेतून आणखी ११ लाखांहून जास्त गेले असते.

म्हणजे दोषाचा एकेक टक्का हा रोख पैसा असतो. तो कशावरून ठरतो, ते आता पाहू.

निष्काळजीपणा म्हणजे काय?

महाराष्ट्रात अपघाताची एफआयआर वाचली तर एक वाक्य हमखास दिसतं: 'हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात वाहन चालवून...' यातला 'हयगय' हा शब्द म्हणजेच निष्काळजीपणा.

साध्या भाषेत सांगायचं तर एखाद्या शहाण्या, सावध चालकाने त्या ठिकाणी, त्या वेळी जी काळजी घेतली असती, ती न घेणं. त्यामुळे वेग किती होता एवढंच बघून भागत नाही. शाळेसमोर ४० चा वेगही जास्त असू शकतो. घाटात, धुक्यात, पावसात, रात्री, प्रत्येक वेळी काळजीचं माप वेगळं असतं. गाडी उभी असली तरीही निष्काळजीपणा होऊ शकतो. रात्री पार्किंग लाइट न लावता रस्त्यात उभा केलेला ट्रक हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

यात दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. एक, चालकाने काळजी घेतली नाही. दोन, त्यामुळेच हा अपघात झाला. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि खरा वाद तिथेच असतो.

पुरावा किती लागतो?

एका अपघातातून दोन वेगवेगळी प्रकरणं उभी राहतात.

पहिलं फौजदारी. बेदरकारपणे गाडी चालवणं, निष्काळजीपणामुळे मृत्यू, असे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली पोलीस नोंदवतात. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि शिक्षा चालकाला होते.

दुसरं भरपाईचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली न्यायाधिकरणापुढे दावा दाखल होतो. इथे प्रश्न एवढाच असतो: समोर आलेला पुरावा पाहता, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे? संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही. अपघातग्रस्तांच्या घरच्यांकडून अगदी काटेकोर पुराव्याची अपेक्षा ठेवता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्पष्ट केलं आणि नंतरही वारंवार सांगितलं.

म्हणून फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला, तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. हे तत्त्व १९८० पासूनच्या निकालांमध्ये आहे. पुराव्याची पट्टीच दोन्हीकडे वेगळी असते.

याची उलट बाजूही समजून घ्या. अपघातात एक चालक जागीच गेला आणि दुसरा वाचला, तर पोलिसांना पहिली हकिगत सांगणारा वाचलेलाच असतो. कधीकधी एफआयआर थेट मयताच्याच नावावर होते. घरचे दवाखान्यात आणि अंत्यविधीत असतात, त्यांना हे दहा-पंधरा दिवसांनी कळतं. अशा वेळी 'एफआयआरच आमच्या माणसावर आहे, आता काही होणार नाही' असं समजून अनेक जण दावाच करत नाहीत. पण एफआयआर आणि आरोपपत्र ही महत्त्वाची कागदपत्रं असली तरी तो अंतिम निकाल नाही. पंचनामा, गाड्यांचं नुकसान, साक्षीदार, सीसीटीव्ही असं सगळं समोर ठेवून न्यायाधिकरण स्वतः ठरवतं.

पंचनाम्याच्या नकाशाबद्दलही तसंच. धडकेनंतर गाड्या कुठे थांबल्या, एवढ्यावरून दोष पक्का होत नाही. धडकेनंतर गाडी फिरू शकते, फरफटत जाऊ शकते. फक्त गाड्यांच्या जागेवरून एखाद्याला दोषी धरता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या एका निकालात म्हटलं आहे.

'मागून धडकला तोच दोषी' हे किती खरं?

बऱ्याच अंशी खरं, पण नेहमी नाही.

पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवणं ही मागच्या चालकाची जबाबदारी आहे. २०१८ च्या एका प्रकरणात ट्रकच्या मागे कार १०-१५ फुटांवर होती. ट्रक थांबला आणि कार धडकली. एवढं अंतर सुरक्षित म्हणता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं आणि ट्रकचालकाला दोष दिला नाही.

पण सुरक्षेचं कारण नसताना अचानक ब्रेक न मारणं ही पुढच्या चालकाची जबाबदारी आहे. कोइम्बतूरच्या प्रकरणात तीच मोडली.

आणि पुढची गाडी बंद उभी असेल तर? सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल लागलेल्या कर्नाटकातल्या एका प्रकरणात, एक ट्रेलर पार्किंग लाइट किंवा कोणतीही खूण न लावता रस्त्यात उभा होता. कार त्यावर मागून आदळली. खालच्या न्यायालयांनी निम्मा दोष कारचालकाचा धरला होता. सुप्रीम कोर्टाने तो काढून टाकला. इशारा न लावता ट्रेलर असा उभा ठेवणाऱ्यांचीच ही जबाबदारी, असं ठरलं.

नियम मोडला म्हणजे अपघातही त्यानेच केला?

इन्शुरन्स कंपनीचे वकील पहिला मुद्दा बहुतेक वेळा हाच काढतात. लायसन नव्हतं, ट्रिपल सीट होते, हेल्मेट नव्हतं. म्हणून टक्के कापा.

यावर कोर्टाचा प्रश्न ठरलेला आहे: या नियमभंगामुळे अपघात झाला का, किंवा इजा वाढली का?

लायसन: तुम्ही सिग्नलला थांबलात आणि टेम्पोने मागून ठोकलं, तर तुमच्या खिशात लायसन असतं तरी टेम्पो ठोकणारच होता. फक्त लायसन नव्हतं म्हणून अपघातात वाटा होता असं म्हणता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ आणि २०१८ मध्ये सांगितलं आहे. विनालायसन गाडी चालवल्याचा दंड मात्र वेगळा भरावाच लागेल.

ट्रिपल सीट: २०२० च्या प्रकरणात बाइकवर तिघे होते आणि मागून आलेल्या कारने धडक दिली. तिघे बसणं बेकायदा आहेच, पण त्यामुळे तोल गेला किंवा धडक जास्त जोरात बसली असं दाखवल्याशिवाय दोष लावता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं.

हेल्मेट: याचा अपघात होण्याशी सहसा संबंध नसतो, पण डोक्याच्या दुखापतीशी थेट असू शकतो. त्यामुळे इथे निकाल प्रकरणागणिक बदलतात. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा मुद्दा टिकणं अवघड. डोक्याला मार असेल तर काही टक्के कापले जाऊ शकतात.

टक्के कुणाचे कापतात, कुणाचे नाही?

इथे दोन शब्द कानावर पडतील: 'कॉन्ट्रिब्युटरी' आणि 'कॉम्पोझिट' नेग्लिजन्स. मराठीत अंशदायी आणि संयुक्त निष्काळजीपणा. दोन्हींतला फरक लाखोंचा आहे, म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा रिक्षा आणि ट्रकची टक्कर झाली. दोष ठरला ट्रक ६० टक्के, रिक्षा ४० टक्के. रिक्षाचालक आणि मागे बसलेली प्रवासी, दोघंही जखमी. दोघांची भरपाई सोयीसाठी प्रत्येकी १० लाख धरू.

रिक्षाचालकाचा स्वतःचाच ४० टक्के दोष आहे. हा अंशदायी निष्काळजीपणा. त्याला ट्रकच्या बाजूकडून ६ लाख मिळतील.

प्रवासी बाईंचा काहीच दोष नाही. त्यांच्यासाठी हा दोन चालकांचा संयुक्त निष्काळजीपणा आहे. त्यांना पूर्ण १० लाख मिळतील, आणि ते ट्रक किंवा रिक्षा यांपैकी कुणा एकाकडूनही वसूल करता येतील. 'आधी दोघांचा हिशेब होऊ द्या' असं त्यांना सांगता येत नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं.

हाच नियम तुमच्या कारमधल्या आईवडिलांना, बाइकवर मागे बसलेल्या मित्राला लागू होतो. चालकाची चूक प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हे २०२४ च्या त्या ट्रेलरच्या निकालातही कोर्टाने नमूद केलं आहे. चालक नात्यातला असला तरी प्रवासी हा वेगळा दावेदार असतो.

एक सावधगिरी. दाव्यात दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही इन्शुरन्स कंपन्या यांना पक्षकार करणं शहाणपणाचं. एकाच बाजूवर दावा केला आणि निकालात त्या चालकाचा काहीच दोष नाही असं निघालं, तर हाती काही येत नाही.

पैसे शेवटी कोण देतं?

चूक चालकाची. पण नोकरीवर ठेवलेल्या चालकाच्या कामावरच्या चुकीला मालकही जबाबदार असतो. आणि मालकाच्या वतीने पैसे भरते थर्ड पार्टी इन्शुरन्स कंपनी. म्हणूनच कलम १४६ खाली थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो तुमच्या गाडीसाठी नसतो, तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान होईल त्याच्यासाठी असतो.

मग चालकाचं लायसन बनावट निघालं तर? कंपनी हात वर करू शकते का? २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून 'पे अँड रिकव्हर' हा मार्ग रूढ झाला आहे. कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे. म्हणजे पीडित वाचतो, पण लायसन न तपासता गाडी हातात देणाऱ्या मालकाला ते महागात पडतं.

गाडी विकणाऱ्यांनी तर हे नक्कीच वाचा. बाइक विकली, पैसे घेतले, पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं. पुढे त्या बाइकने अपघात झाला तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. नोटरी केलेला कागद इथे वाचवत नाही. आरटीओच्या नोंदीत नाव बदललं का, तेच बघितलं जातं.

चूक पूर्णपणे आपलीच असेल तर?

गाडी स्वतःच्याच चुकीने घसरली, झाडावर आदळली, तर कलम १६६ खाली भरपाई मिळत नाही. स्वतःच्या निष्काळजीपणाची भरपाई स्वतःच मागता येत नाही. अशा वेळी मालक-चालकासाठी असलेला १५ लाखांचा पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर कामाला येतो. पॉलिसी घेताना तो घेतलाय का, हे आजच बघा.

कलम १६४ हा दुसरा मार्ग. इथे समोरच्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत असल्यास अडीच लाख, अशी ठरावीक रक्कम असते. चुकीचा पुरावा अगदीच कमकुवत असेल तर वकील हा पर्याय सुचवतात. पण कमावतं माणूस गेलं असेल तर कलम १६६ खाली मिळू शकणारी रक्कम यापेक्षा बरीच मोठी असू शकते. त्यामुळे घाईत निवड करू नका.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. त्यासाठी प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा असतो.

आणि समोर दुसरी गाडीच नसेल, दोष खड्ड्याचा असेल तर? मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातल्या अशा घटनांसाठी मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचे निर्देश दिले आहेत.

पहिल्या काही दिवसांत हातात काय हवं?

दोषाचे टक्के कोर्टात ठरतात, पण ज्या कागदांवर ते ठरतात ते पहिल्या काही दिवसांत तयार होतात. जखमीला दवाखान्यात पोहोचवल्यावर घरातल्या एकाने तरी एवढं बघावं:

१. फोटो. गाड्या हलवण्याआधी, शक्य असेल तर. जवळून नुकसानीचे आणि लांबून पूर्ण रस्त्याचे. टायरच्या खुणा, दुभाजक, सिग्नल, दिवे चालू होते का, नंबरप्लेट.

२. सीसीटीव्ही. समोरच्या दुकानाचं, पेट्रोल पंपाचं, सोसायटीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. पोलिसांना लेखी अर्ज देऊन ते जप्त करायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या. डॅशकॅम असेल तर मूळ मेमरी कार्ड जपा. फक्त व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेली क्लिप पुरेशी नसते.

३. दवाखान्यातली नोंद. 'पडून लागलं' आणि 'कारने धडक दिली' यांत दाव्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. केसपेपरवर अपघात कसा झाला ते बरोबर लिहिलंय का, बघा.

४. एफआयआर. जखमीची काळजी घेण्यात उशीर झाला तर घाबरू नका. फक्त उशिरामुळे खरा दावा फेटाळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलं आहे. पण उशीर का झाला ते एफआयआरमध्ये लिहून घ्या.

५. साक्षीदार. मदतीला धावलेल्यांचे नंबर घ्या. मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे, हे त्यांना सांगा. लोक पोलिसांच्या चकरांना घाबरून मागे सरतात.

६. पोलिसांचे अहवाल. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. त्यात चुकीचं काही असेल तर लगेच लेखी हरकत घ्या.

७. 'आपसात मिटवलं' असा कागद. दवाखान्याच्या बिलापुरते पैसे हातात ठेवून स्टॅम्पपेपरवर सही मागितली जाते. दुखापत किती कायमची आहे हे कळण्याआधी अशी सही करू नका.

मुदत किती?

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. पोलिसांचा अहवालही दाव्याचा अर्ज म्हणून धरला जाऊ शकतो, तरीही स्वतःचा अर्ज वेळेत द्या.

दावा जिथे अपघात झाला तिथेच करायला हवा असं नाही. तुम्ही राहता किंवा काम करता, त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. म्हणजे सोलापूरच्या माणसाचा अपघात कोइम्बतूरला झाला, तरी दावा सोलापुरात चालू शकतो.

थोडक्यात सांगायचं तर, न्यायाधिकरण 'नियम कुणी मोडला' एवढंच विचारत नाही. 'कुणाच्या हयगयीमुळे हे घडलं, आणि कितपत' असं विचारतं. पुढच्या वेळी अपघाताच्या व्हिडिओखाली निकाल द्यायच्या आधी हा प्रश्न आठवा. आणि तुमच्या ओळखीत कुणी 'चूक आमच्याच माणसाची होती म्हणे' असं समजून गप्प बसलं असेल, तर त्यांना सहा महिने संपायच्या आत एकदा वकिलाला कागद दाखवायला सांगा. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं.